सातचा मालक, बाराचा कसणारा

गेल्या १९ नोव्हेंबर २०२५ रोजी कोइमतूर येथून पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २१ वा हप्ता सुटला आणि शहापूर-मुरबाडपासून कल्याण-अंबरनाथपर्यंतच्या पात्र खातेदारांच्या खाती प्रत्येकी २,००० रुपये जमा झाले, हे वृत्त वाचकांच्या स्मरणात असेलच. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तितकेच, मिळून १२,००० रुपये. एक-दीड एकर भातखाचरावर ज्यांचा निर्वाह चालतो त्यांच्या खता-बियाण्यांचा भार त्यातून निश्चित हलका होतो, आणि म्हणूनच या साहाय्याला खैरात म्हणून हिणवणाऱ्या शहरी मताशी मी मुळीच सहमत नाही. माझी हरकत निराळी आहे. ज्या दस्तऐवजाच्या आधारे हा पैसा वाटला जातो, तो दस्तऐवज सरकार अर्धाच वाचते.

सातबारा हा दोन नमुन्यांचा एकत्र उतारा होय. जमीन कोणाच्या नावे आहे हे गाव नमुना सात सांगतो आणि त्या साली तिच्यात कोणते पीक उभे होते हे नमुना बारा सांगतो. सन्मान निधी पाहतो तो नमुना सात, आणि तोही, वारसाने आलेल्या जमिनीचा अपवाद सोडल्यास, १ फेब्रुवारी २०१९ या दिवशीचा. नांगर कोणी धरला, आवणीच्या चिखलात कोणाची पाठ वाकली, हा प्रश्न या योजनेत उपस्थितच होत नाही.

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. लोहमार्ग आणि वाढत्या नगरांनी येथील कित्येक जमीनमालकांना केव्हाच नोकरदार केले. त्यांची खाचरे गावात राहिलेला भाऊबंद वा शेजारपाड्यावरचे आदिवासी कुटुंब अर्धेलीने किंवा मक्त्याने, केवळ तोंडी बोलीवर, कसत असते. मालक आयकर भरतो म्हणून नियमाने वगळला जातो आणि कसणाऱ्याचे नाव सातवर नाही म्हणून तोही वगळला जातो; अशा रीतीने ज्या खाचरात दरवर्षी भात पिकतो, त्या खाचराला सरकारदप्तरी साहाय्यास पात्र असा शेतकरीच उरत नाही.

हा व्यवहार तोंडीच का राहतो, याचे मूळ १९४८ च्या कुळकायद्यात आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी ज्या कायद्याने कुळांना जमिनीचे मालक मानले, तो कायदा न्याय्य होता यात मला तिळमात्र शंका नाही. याच जिल्ह्याच्या तत्कालीन उत्तर भागात १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध जो लढा दिला, तो ज्याला ठाऊक आहे त्याला ती असू नये. परंतु दुसऱ्याचे नाव एकदा कागदावर आले की कुळाचा हक्क उत्पन्न होईल, हे भय मालकांच्या मनात तेव्हापासून जे बसले ते आजतागायत गेलेले नाही. २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणीही खातेदाराच्याच नावे होत असल्यामुळे, पिकाची नोंद झाली तरी पिकवणारा नोंदीबाहेरच राहतो.

धानाच्या प्रोत्साहनराशीबाबत शासनाने एक पाऊल योग्य दिशेने टाकले होते. क्विंटलमागे बोनस होता तेव्हा परप्रांतीचे धान येथल्या खरेदीकेंद्रांवर खपवले जाई. तो रद्द करून लागवडीखालील क्षेत्रावर, २ हेक्टरांच्या मर्यादेत, हेक्टरी रक्कम देण्याचे ठरले, आणि २०२४-२५ च्या खरिपास ती २०,००० रुपये होती. येथे मालकीपेक्षा लागवडीला महत्त्व आले; मात्र नोंदणीस पुन्हा सातबाराच लागतो.

आंध्र प्रदेशाने २०१९ साली कायदा करून कसणाऱ्यास ११ महिन्यांचे पीकहक्कपत्र देण्याची सोय केली व त्याने मालकीस बाध येणार नाही, अशी हमी त्याच कायद्यात घातली. तेथेही मालकाच्या सहीपाशी पुष्कळांचे अडले, हे खरे. म्हणून आपल्याकडे सहीऐवजी ग्रामसभेसमक्ष पंचनामा आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याची स्थळपाहणी पुरेशी मानावी, कुळाचा दावा त्यातून उद्भवणार नाही हे कलमातच लिहावे, आणि येत्या खरिपापासून निदान कल्याण व मुरबाड या दोन तालुक्यांत याचा प्रयोग सुरू करावा.