सॅक किती लिटरची घेऊ?

दिवाळी जवळ आली की होस्टेलात ट्रेकचे बेत शिजायला लागतात. यंदाचा बेत रतनगड ते हरिश्चंद्रगड! अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या रतनवाडीतून निघायचं, रतनगड करून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत गाठायचं आणि मग पाचनईवरून हरिश्चंद्रगड. तीन दिवस, दोन मुक्काम. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "सॅक किती लिटरची घेऊ?"

मित्रांनो, आधी लिटरचा हिशेब. पाण्याचा जार असतो ना, तो २० लिटरचा. म्हणजे ४० लिटरच्या सॅकमध्ये दोन जारांएवढी जागा. वजनाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. स्लीपिंग बॅग जागा खाते पण हलकी असते, पाणी मात्र लिटरला एक किलो!

"मोठीच घ्या, कामाला येईल," म्हणत दुकानदार ७० लिटरची पुढे करतो. पण रिकामी जागा दिसली की आपला हात थांबत नाही. आणखी एक जीन्स, चिवड्याचा डबा, कुणाचा तरी स्पीकर... शिवाय अर्धवट भरलेल्या सॅकमध्ये सामान हलतं. मेकॅनिक्स आठवा: भार पाठीपासून जितका लांब, तितका मोमेंट जास्त. मग माणूस पुढे वाकून चालतो आणि खिंडीच्या चढावर दमतो. एक जण दमला की सगळ्यांची चाल मंदावते, आणि त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधार पडतो. जंगलातली वाट चुकायला तेवढं पुरतं.

म्हणून सॅक नंतर, सामान आधी. सगळं कॉटवर मांडा: स्लीपिंग बॅग, स्वेटर, कपड्यांचा एकच जादा जोड, टॉर्च, ताट-मग, कोरडा खाऊ, तीन लिटर पाणी. मुक्कामाची आणि भाकरीची सोय गावात आधी सांगून करून ठेवली, तर ४० ते ५० लिटर पुष्कळ झालं. तंबू, स्टोव्ह, शिधा पाठीवर असेल तरच साठीकडे वळा. भरलेली सॅक किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवी. ६० किलोच्या गड्याला १२ किलो.

आता पाठीचं माप. हे कुणी घेतच नाही! एकाच उंचीच्या दोघांची पाठ सारखी नसते. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक मणका वर येतो. कमरेच्या हाडांवर हात ठेवून अंगठे मागे वळवा. त्या मणक्यापासून दोन अंगठ्यांमधल्या रेषेपर्यंत टेप लावायला रूममेटला सांगा. सॅकची पाठ याच मापाची हवी, कारण बराचसा भार कमरपट्ट्याने कमरेच्या हाडांवर घ्यायचा असतो. सॅक लांब असली की पट्टा खाली घसरतो आणि सगळं ओझं खांद्यांवर लटकतं. भावाची किंवा सीनियरची सॅक मागून आणणाऱ्यांनी तर हे माप घ्यावंच.

एखाद्या रविवारी भरलेली सॅक घेऊन धाराशिव लेण्यांपर्यंत जाऊन या. खांदे दुखले तर आधी कमरपट्टा आवळून बघा, तरी दुखले तर सामान कमी करा. आणि तेही करून भागलं नाही, तर सॅक बदला. भाड्याची असेल तर निघायच्या आधी बदलून मिळते.