गाडी तापते, पण कधी?

१९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० या दोन्ही गाड्या भारतात आल्या. दोन्हींचं इंजिन शंभर सीसीच्या आतलं, दोन्ही वाऱ्यावर थंड होणाऱ्या. पण एक टू-स्ट्रोक, दुसरी फोर-स्ट्रोक. ‘मिस्त्री, गाडी लई गरम होते’ ही गिऱ्हाइकाची तक्रार तेव्हा होती तशीच आजही आहे. तिचा माग काढायची रीत मात्र त्या वर्षापासून पालटत गेली.

त्याआधीचा काळ राजदूत, येझदी आणि बजाज चेतकचा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागे वीस ते चाळीस मिली. हे ऑइल कमी पडलं की पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटायचा आणि मागचं चाक जागच्या जागी जाम व्हायचं. म्हणून जुने लोक घाटात डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचे. गंमत म्हणजे इंजिन चढापेक्षा उतारावर दगा द्यायचं. चढताना पेट्रोल भरपूर, म्हणजे ऑइलही भरपूर. उतरताना मात्र एक्सलेटर बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय आणि आत ऑइलच जात नाही. जाणता चालवणारा उतारावर मधूनमधून एक्सलेटर पिळायचा. न जाणणारा टोपभर पाणी इंजिनावर ओतायचा आणि हेड तडकवून ठेवायचा.

असं इंजिन खोललं की मिस्त्री आधी पिस्टन हातात घ्यायचा, उजेडाकडे धरून फिरवायचा. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर उष्णतेचं दुखणं: मिश्रणात हवा जास्त किंवा सायलेन्सर कार्बननं बुजलेला. चौफेर असतील तर ऑइल कमी. चार ठरावीक जागी उभे पट्टे असतील, तर थंड इंजिन सुरू करून लगेच पळवलंय किंवा नव्या बोअरमध्ये पिस्टन घट्ट बसलाय. मालकानं ‘मी तर हळूच चालवतो’ म्हटलं तरी पिस्टन खरं ते सांगायचा. प्लगचंही तसंच. तपकिरी असला तर ठीक, काळा ओलसर असला तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढराफटक असला तर इंजिन भाजतंय. पांढऱ्या प्लगचं एक लपलेलं कारण म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. ते फाटलं की तिथून चोरटी हवा आत जाते. कार्बोरेटर तीनदा साफ करा, काही फरक पडत नाही.

चेतकसारख्या स्कूटरची गोष्ट वेगळी. तिचं इंजिन बाजूच्या डगल्याआड झाकलेलं. वारा लागायची सोय नाही, म्हणून फ्लायव्हीलवरच पंखा आणि त्याची हवा सिलिंडरवर नेणारं पत्र्याचं आवरण. रस्त्याकडेला घाईत काम झालं, आवरणाचे दोन स्क्रू हरवले, कुणीतरी ते काढूनच ठेवलं, की पंखा फिरतोय पण हवा भलतीकडे. पत्र्याच्या एवढ्याशा तुकड्यापायी बोअर करून घेतलेल्या स्कूटरी त्या काळी काही कमी नसतील.

सीडी १०० आणि तिच्या मागून आलेल्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी मिसळलेल्या ऑइलची कटकट संपवली. पेट्रोल भरा आणि विसरा, असं जाहिरातच सांगायची. लोक ऑइलही विसरले. क्रँककेसमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची बरीचशी उष्णता वाहून न्यायची जबाबदारी त्याच्यावर. ते आटलं की टॅपेटचा टकटकाट सुरू व्हायचा. काहींनी गाडीत मोटारीचं ऑइल ओतलं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, घर्षण कमी करणारं ते ऑइल त्याला चालत नाही. प्लेटा सरकतात, आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि इंजिन तापतं. जॅसो एमए असा शिक्का असलेलं ऑइल मागायची सवय अनेकांना असा एकदा क्लच जाळल्यावरच लागली.

याच काळात आणखी एक गोष्ट लक्षात यायला लागली. ‘गरम होऊन बंद पडते’ म्हणून आलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच मुळात तापलेल्याच नसत. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड दीडशे अंशांच्या आसपास सहज जातं. हात लावून ‘भाजतंय’ म्हणण्याला काही अर्थ नाही. गाडी पाच-सात किलोमीटर गेली, बंद पडली, दहा मिनिटांनी चालू झाली, तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून बघावं. फुस्स असा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. आवाज आला नाही तर ठिणगी बघावी, कारण पिकअप कॉइल थंड असताना ठीक चालते आणि तापली की दगा देते. तेही ठीक असेल तर एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट आहे का ते तपासावं. मागचं चाक हातानं फिरवून ब्रेक घासतोय का हे बघायला तर पानाही लागत नाही. इतकं करून मग हेडकडे वळावं. पण हेड खोलण्याचं बिल मोठं होतं, त्यामुळे काही गॅरेजांत सुरुवात तिथूनच व्हायची.

२००८ मध्ये यामाहाची आर१५ आली आणि दीडशे सीसीत रेडिएटर दिसला. २०१२ मध्ये चाकणला बनलेली केटीएम ड्यूक २०० आली. तिचा पंखा सिग्नलला चालू झाला की गरम हवा थेट पायांवर. इंजिन खराब आहे, अशी तक्रार घेऊन लोक सर्व्हिस सेंटरला यायचे. इंजिन ठणठणीत असायचं, पंखा आपलं काम करत असायचा.

पाण्याच्या गाडीनं जुन्या प्रश्नाला फार चांगलं उत्तर दिलं. फक्त ट्रॅफिकमध्ये तापते? मग पंखा, त्याचा फ्यूज, रिले, वायर. फक्त हायवेवर तापते? मग रेडिएटर बुजलाय, पंप किंवा थर्मोस्टॅट नीट चालत नाही किंवा कूलंट कमी आहे. कोकणातून पावसाळ्यात आलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत तांबडी माती अशी बसते, की प्रेशरचं पाणी मारूनही निघत नाही. तेवढ्यानं नाजूक पत्र्या दुमडतात मात्र. इंजिन चांगलं तापूनही रेडिएटरची एक नळी गरम आणि दुसरी गार लागली तर थर्मोस्टॅट उघडत नाही. कूलंट खाली ठिपकत नाही आणि तरी कमी होतंय, ऑइल दुधाळ दिसतंय, तर हेड गॅस्केटवर पहिला संशय. बोअरवेलचं क्षाराचं पाणी भरून वर्षभर फिरवलेल्या गाडीचं निदान मी लांबून करायला तयार आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं आणि कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता स्कॅनर लावला की सेन्सरनं नोंदवलेलं तापमान पडद्यावर दिसतं. उत्तम सोय आहे. पण स्कॅनर आकडा सांगतो, चिखल सांगत नाही. सेन्सरची वायर घासली असेल तर गार इंजिनही पडद्यावर उकळताना दिसतं. त्यामुळे शहाणा मेकॅनिक आकडा वाचून झाल्यावर चाकाजवळ उकिडवा बसतोच.

मधल्या काळात विस्मरणात गेलेली प्लग वाचायची कला अलीकडे पुन्हा कामाला आली आहे. त्याला कारण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलला मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरकडे बघून स्वतःला सावरते, कार्बोरेटरला ते जमत नाही. सुस्थितीतल्या गाडीला फरक थोडाच जाणवतो. सील फाटलेल्या जुन्या टू-स्ट्रोकला तेवढाही पुरतो. आरएक्स १०० हौसेनं घासूनपुसून वापरणारी पोरं आता पुण्यात नाना पेठेत एक नंबर मोठा मेन जेट शोधत फिरतात. जेट बसवून झाला की मोकळ्या रस्त्यावर गाडी फुल एक्सलेटरवर न्यायची, तिथेच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा, गाडी बाजूला घेऊन प्लग काढायचा आणि रंग बघायचा. पांढरा निघाला तर आणखी एक नंबर वर.