सुंदर नर्सरी

दिल्लीतील एक ऐतिहासिक उद्यान व रोपवाटिका. क्षेत्रफळ सु. ३६ हेक्टर. हे उद्यान निजामुद्दीन परिसरात मथुरा मार्गालगत, हुमायूनच्या कबरीच्या उत्तरेस वसले आहे. मोगलकालीन वास्तू, विसाव्या शतकाच्या आरंभीची रोपवाटिका आणि एकविसाव्या शतकातील पुनर्रचना असे तीन कालखंड येथे एकत्र आढळतात. त्यामुळे येथील सर्वच रचना मोगलकालीन मानणे योग्य ठरणार नाही.

सोळाव्या शतकात हा भाग ‘अझीम बाग’ या नावाने ओळखला जाई. निजामुद्दीन अवलिया यांच्या दर्ग्याजवळ दफन होणे पुण्यप्रद मानले जात असल्याने या परिसरात अनेक कबरी बांधल्या गेल्या व त्यांच्याभोवती बागा आखण्यात आल्या. सुंदरवाला बुर्ज, सुंदरवाला महाल व लक्करवाला बुर्ज या त्यांपैकी प्रमुख वास्तू होत. लगतच्या बताशेवाला परिसरात अकबराचा जावई मिर्झा मुझफ्फर हुसेन याची कबर (१६०३–०४) आहे. हुमायूनच्या कबरीच्या जागतिक वारशाच्या क्षेत्रात येथील काही वास्तूंचा समावेश २०१६ मध्ये करण्यात आला.

मोगल उद्यानाचा मूळ आराखडा ‘चारबाग’ होय. एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या पाटांनी व पायवाटांनी बागेचे चार भाग पाडले जात. पाटांतील पाणी शोभेबरोबरच सिंचनासाठी व हवेतील उष्मा कमी करण्यासाठी उपयोगी पडे. महाराष्ट्रात औरंगाबादच्या (छत्रपती संभाजीनगर) बीबी-का-मकबऱ्याभोवती याच पद्धतीची बाग आहे.

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा १९११ मध्ये झाली. नव्या नगराच्या रस्त्यांकडेला कोणती झाडे तग धरतील, हे पाहण्यासाठी येथे रोपवाटिका स्थापन झाली. त्यामुळे देशी वृक्षांबरोबरच परदेशी वृक्षही येथे रुजले. पुढे मात्र वास्तूंची पडझड झाली व काही भागांत बांधकामाचा राडारोडा साचला. २००७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, दिल्ली महानगरपालिका व आगाखान सांस्कृतिक न्यास यांच्यात करार होऊन जीर्णोद्धारास प्रारंभ झाला. उद्यानाचा आराखडा मोहंमद शाहीर यांनी तयार केला. पाट, कारंजी व फुलांचे ताटवे असलेला मधला लांब पट्टा ही या काळातील नवी निर्मिती असून तिच्यासाठी इराणी गालिच्यांच्या नक्षीपासून प्रेरणा घेतली आहे. उद्यान २१ फेब्रुवारी २०१८ रोजी लोकांसाठी खुले झाले.

येथे वृक्षांच्या सु. ३०० जाती आहेत. दिल्लीच्या भूमीचे कोही (खडकाळ टेकडी), बांगर (जुन्या गाळाची उंच जमीन), खादर (नदीकाठची नव्या गाळाची जमीन) व डाबर (पाणथळ) हे चार नैसर्गिक प्रकार त्या त्या वनस्पतींसह उद्यानाच्या एका भागात निर्माण केले आहेत. पक्ष्यांच्या ८० व फुलपाखरांच्या ३६ जातींची नोंद उद्यान खुले होण्याच्या सुमारास झाली होती. राखी धनेश, तांबट, पिंगळा, मोर, खंड्या इ. पक्षी दिल्लीच्या अशा परिसरांत आढळतात.

नीटनेटकी बाग आणि वन्यजीवांना उपयुक्त बाग यांच्या गरजा सर्वस्वी सारख्या नसतात. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. ढोली असलेला वृक्ष निरुपयोगी ठरवून तोडल्यास तिचे घरटेच नाहीसे होते. लिंबू फुलपाखराच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर वाढतात. अशा झाडांवर कीटकनाशक फवारल्यास फुलपाखरे उरत नाहीत. पालापाचोळा झाडून काढल्यास त्यातील कीटक व त्यांवर जगणारे पक्षी यांचे अन्न नाहीसे होते. म्हणून मध्यभागी रेखीव ताटवे व कडेला दाट झाडी अशी येथील विभागणी महत्त्वाची ठरते.

उद्यान पाहण्यास ऑक्टोबर ते मार्च हा काळ अनुकूल असून पक्षिनिरीक्षणास सकाळची वेळ उत्तम असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर व पळस फुलतात, तर बहावा मे महिन्यात बहरतो. वास्तूचा पडलेला घुमट कुशल कारागिरांस पुन्हा उभारता येतो. परंतु शंभर वर्षांचा वृक्ष गेल्यास तो पुन्हा वाढण्यास तितकीच वर्षे लागतात. म्हणूनच वास्तूंइतकेच वृक्षांचे जतन हेही ऐतिहासिक उद्यानाच्या संरक्षणाचे अविभाज्य अंग ठरते.