सैल शब्दांचा कायदा

श्रोतेहो, मनातले बोलायला आपल्याला कोणाची परवानगी लागते का? गुरुजी चटकन सांगतील, नाही. घटनेच्या १९ व्या कलमाने ते स्वातंत्र्य दिले आहे. उत्तर बरोबरच आहे. पण नुसत्या बोलण्यावरून कोठडी पाहिलेली माणसे आपल्या मुलखात होऊन गेली. ती कशी अडकली हे पाहिले, की गोम कळते. कायद्यात एखादा शब्द सैल राहिला, की त्यात कोणालाही अडकवता येते.

जुना दाखला लोकमान्य टिळकांचा. १८९७ साली ‘केसरी’तील मजकुरावरून त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचा खटला झाला. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा. आता अप्रीती म्हणजे काय हो? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावले, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झाले! सावकारावर तरी कोणाची प्रीती असते? ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

तुम्ही म्हणाल, ते परके राज्य होते. मग आपल्या राज्यातले ऐका. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे वारले. मुंबईसह सगळीकडे व्यवहार बंद राहिले. पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिले, की माणसे रोज जन्मतात नि मरतात, त्यासाठी बंद कशाला? फेसबुक म्हणजे चावडीवरचा फळाच समजा, फक्त तो साऱ्या जगाला दिसतो. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला नुसती पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. जमावाने पहिलीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड केली, ती निराळीच. पालघर तेव्हा आपल्या कल्याणसारखेच ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

दोघींना जामीन मिळाला, पुढे खटलाही बंद झाला. पण त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम तसेच होते. संगणकावरून किंवा फोनवरून पाठवलेला मजकूर फार आक्षेपार्ह असला, किंवा खोटी माहिती मुद्दाम त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कोणाला, किती, हे ठरवायचे कोणी? फौजदाराने! अप्रीतीचीच ही धाकटी बहीण.

दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ते कलम रद्द केले. १९ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात बोलण्यावर बंधन घालण्याची आठ कारणे दिली आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे. त्यांत ‘त्रास’ नाही, ‘गैरसोय’ही नाही.

निकालातला एक भेद शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. कल्याण स्टेशनाबाहेर कोणी म्हणाला, “हा बंद नको होता,” तर ती चर्चा. “उद्या बंद पाळू नका,” म्हणाला, तर ते आवाहन. दोन्ही कितीही बोचली तरी ती मोकळी. “बंद पाळणाऱ्यांची दुकाने फोडा,” म्हणाला, की ती चिथावणी. तिथे मात्र कायद्याचा हात पोचतो.

जाता जाता, १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, त्यातही मतस्वातंत्र्याचे कलम १९ वेच आहे. मुलांच्या लक्षात राहायला सोपे!

रद्द झालेले हे कलम पुढे कित्येक वर्षे ठाण्यांतून लावले जातच होते, बरं का. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की ६६ अ खाली कोणावरही खटला चालवू नये. अटकेचे कारण विचारण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या कलमाने दिला आहे. तेव्हा लिहिण्याबोलण्यावरून पोलिसांचे बोलावणे आलेच, तर कलम कोणते लावले, हे आधी विचारून घ्यावे.