अरुंद चाक आणि डोंगरी वाट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका विद्यार्थ्याचे वडील शर्यतीची सायकल खांद्यावर घेऊन आमच्या दारी उभे राहिले. ते वांगणीचे, कर्जतच्या लोहमार्गावरील वांगणी नव्हे, आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील. मुंबईस नोकरीला असलेल्या थोरल्या मुलाने धाकट्यास शाळेत जाण्यासाठी ही जुनी सायकल पाठविली होती. परंतु पंधरवड्यात तिची ट्यूब चार वेळा फुटली. “गुरुजी, हिची चाकं पार बारीक. जाड टायर बसेल का? नाहीतर पोराची शाळा बुडते,” असे ते काकुळतीने म्हणाले. या प्रश्नाचे उत्तर इतर पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून ते येथे देत आहोत.

हवा भरलेल्या टायराचा जन्मच मुळी अशा पितृचिंतेतून झाला. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली तशा चाकाचे पेटंट घेतले होते; पण ती कल्पना विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस धक्के बसू नयेत म्हणून रबराच्या नळीत हवा भरली, आणि १८८८ साली पेटंट घेतले. तात्पर्य, टायरातील हवा हीच खरी गादी होय.

ही गादी अरुंद असली म्हणजे काय होते ते पाहा. मागच्या चाकावर ४० किलो भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो आहे असे समजू. मग टायर सुमारे ५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. दाब ५ किलो केला तर ती जागा ८ चौरस सेंटिमीटर होईल, पकड वाढेल व हिसके कमी होतील. परंतु अरुंद टायरात दाब उतरविला की खड्ड्याच्या कडेवर रिम टेकते, ट्यूब मध्ये चिरडते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. आमच्या विद्यार्थ्याच्या ट्यूबला नेमकी तशीच भोके होती. २३ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा टायर घातल्यास आत जवळजवळ दीडपट हवा मावते. त्यामुळे कमी दाबातही रिम सुरक्षित राहते. रुंद टायराने वेग मंदावतो हा समज आता शर्यतपटूंनीही सोडला असून अलीकडे तेही २८ मिलिमीटर वा त्याहून रुंद टायर वापरतात. कारण खडबडीत रस्त्यावर धक्क्यांत वाया जाणारी शक्ती त्यामुळे वाचते.

मग सर्वांत जाड टायर का घेऊ नये? येथेच मापाची गरज पडते. टायराच्या बाजूस २३-६२२ असे आकडे असतात. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायर जेथे बसतो तेथील रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. दुसरा आकडा तिळमात्र बदलता येत नाही. आपल्याकडील जुन्या २८ इंची साध्या सायकलीचा तो आकडा ६३५ असतो. म्हणून तिचा टायर या सायकलीस कधीही बसणार नाही. पहिला आकडा बदलता येतो. मात्र टायर जितका रुंद, साधारण तितकाच तो उंचही होतो. विद्यार्थ्याची इच्छा ३२ ची होती. आम्ही पुढच्या चिमट्याखाली व ब्रेकखाली मोजले, तो जुन्या टायरावर ९ मिलिमीटर जागा भरली. ३२ चा टायर ९ मिलिमीटर वर येऊन ब्रेकला टेकला असता. २८ चा घेतल्यास ४ मिलिमीटर उरत होते. यापेक्षा कमी अंतर ठेवू नये. कारण घाट उतरताना एखादा खडा अडकून पुढचे चाक जागीच थांबले, तर स्वार डोक्यावर आपटतो. मागील दांड्यांमधील जागाही अशीच तपासावी. जागा करण्यासाठी चिमटा कानशीने घासणे हा तर जिवाशी खेळ होय.

टायर बसविण्याची रीत अशी: ट्यूबमध्ये किंचित हवा भरावी, म्हणजे ती पिळत नाही. टायराची एक कड रिमवर चढवून ट्यूब आत घालावी. दुसरी कड वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने आरंभ करून अंगठ्यांनी चढवीत वॉल्व्हपाशी संपवावी. लोखंडी पट्टीचा हट्ट धरल्यास नवी ट्यूब फाटते. कडेखाली ट्यूब दबलेली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहूनच हवा भरावी व टायरावर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. आम्ही सुमारे ७० पौंड भरली. शेवटी चाक हाताने फिरवून ते कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

त्यानंतर आजवर ती ट्यूब एकदाच गेली, तीही बाभळीच्या काट्याने. त्यावर रुंदीचा इलाज नाही. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर मात्र उतरून चालावे, असे आम्ही मुलास बजाविले आहे. कारण ४ मिलिमीटरची फट तांबड्या मातीने भरण्यास वेळ लागत नाही.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे. तो बुरुजासच नव्हे, टायरासही लागू पडतो. मुलांनो, हवे ते आणि मावेल ते यांतील अंतर आधी पट्टीने मोजा. वांगणीच्या त्या मुलाची हजेरी यंदा पूर्ण भरली आहे.