उन्हाळा आणि घरची मुकी जनावरे

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. वसंतातील व्याख्यानांत अर्थकारण असते, इतिहास असतो, साहित्य असते. त्यांत कुत्र्यामांजरांना कोठून जागा मिळाली, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु ही व्याख्याने ज्या दिवसांत होतात, त्याच दिवसांत अकोल्यास, नागपुरास, चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पुण्यासही तो चाळिशी गाठतो. माणसाला उकडले तर तो उठून पंख्याखाली जातो. बांधलेले जनावर मात्र आपण बांधू तेथेच राहते. तेव्हा त्याच्या सुखाचा विचार त्याच्या मालकालाच केला पाहिजे.

आपणांस घाम येतो, तो वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याची सोय अशी नाही. उष्णता घालविणारा घाम त्याला पंजांच्या तळव्यांनाच काय तो येतो, आणि तेवढ्याने काही निभत नाही. सारा भार श्वासावर. एरवी मिनिटाला फार तर तीसेक श्वास घेणारे कुत्रे उन्हाने तापले म्हणजे तीनशे-चारशेपर्यंत जाते. श्मिट-नील्सन, ब्रेट्झ व टेलर या संशोधकांनी १९७० साली दाखवून दिले, की धापा टाकताना कुत्रे हवा मुख्यतः नाकाने आत घेते आणि बरीचशी तोंडावाटे बाहेर टाकते. नाकातील ओल्या, गुंडाळीसारख्या पडद्यांवरून हवा गेली म्हणजे तेथील पाणी उडते आणि त्याखालचे रक्त थंड होते. विदर्भात खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारीत, किंवा आज घरोघर कूलर चालतो, त्यातली युक्ती हीच आहे.

ही उपमा ध्यानात ठेवली तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. कूलर नागपुरात चालतो, मुंबईत चालत नाही. कारण दमट हवेत आधीच पाणी भरलेले असते, तिच्यात आणखी पाणी उडत नाही. कुत्र्याच्या नाकाचेही तसेच. म्हणून पारा ३४ वरच आहे, मग काळजी कसली, असे मुंबई-रत्नागिरीच्या मंडळींनी समजू नये. कूलरला उघडी खिडकी लागते, तशी कुत्र्याला खेळती हवा लागते. बंद खोलीत ते स्वतःच्याच श्वासाने हवा दमट करून घेते. आणि ज्या पग किंवा बुलडॉग जातीच्या कुत्र्यांचे नाक माणसाने हौसेपोटी चपटे करून ठेवले, त्यांचे हे यंत्रच मोडके आहे. पर्शियन मांजराचेही तेच. अशी जनावरे आपल्या हवेत आणावीत की नाही, याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पण आणलीच असतील तर दुपारी त्यांना घरातील सर्वांत गार खोली द्यावी.

बंद मोटारीत हे सारे दोष एकवटतात. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मालक दुकानात शिरतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतील हवा तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने तापली, आणि त्यातली चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फरक पडला नाही.

गच्चीवर किंवा अंगणात बांधण्यातली चूक मोटारीइतकी उघड नसते. सकाळी दहाला भिंतीच्या सावलीत कुत्रे बांधून आपण कचेरीत जातो. पण सावली सरकते, साखळी सरकत नाही. दुपारी एकला ते भर उन्हात असते आणि पाण्याचे स्टीलचे भांडे हात लावता येणार नाही इतके तापलेले असते. भांडे मातीचे किंवा दगडाचे असावे, जड असावे, आणि एकाऐवजी दोन असावीत. पत्र्याच्या खोपटाला सावली म्हणू नये. फिरावयास नेणे ते सूर्योदयाच्या सुमारास; संध्याकाळी न्यायचे तर डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. दाट केसांच्या कुत्र्याची मुळापासून हजामत करू नये. ते केस ऊनही अडवितात. विंचरून गळलेले केस काढावेत, इतके पुरे.

मांजर या बाबतीत शहाणे. ते वाळवंटी रानमांजराच्या वंशातले. अंग चाटून लाळेने गार करते आणि मोरीच्या फरशीवर जाऊन पसरते. मोरीचे दार तेवढे उघडे ठेवावे. मात्र ते पाणी फार थोडे पिते, म्हणून उन्हाळ्यात कोरडे दाणे कमी आणि ओले अन्न अधिक द्यावे. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले तर ते संकटात आहे असे समजावे.

आता प्रत्यक्ष उष्माघाताविषयी. कुत्र्याचे अंग एरवीच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५-१०६ च्या वर गेले की आतील इंद्रिये बिघडू लागतात. थांबता न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, ही लक्षणे दिसताच पुष्कळ लोक त्याला उचलून डॉक्टरांकडे धावतात. तसे न करता आधी त्याला गार करावे, मग न्यावे. ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींचा २०२३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जेमतेम एक-पंचमांश कुत्री आणण्यापूर्वी गार केलेली आढळली.

गार करणे म्हणजे सावलीत घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत भरपूर पाणी ओतीत राहणे आणि वर पंखा लावणे. गच्चीवरच्या टाकीचे नळाचे पाणी दुपारी कढत असते; आधी हात घालून पाहावे, नाहीतर बादलीतले, माठातले घ्यावे. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याखाली ऊब कोंडते. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नये, आणि शुद्ध हरपली असेल तर पाजण्याचा प्रयत्न करू नये. वाटेतही पाणी व वारा चालू ठेवावा. उठून शेपटी हलवू लागले तरी डॉक्टरांना दाखवावेच. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनीही वर येतो.

अंग तापले म्हणून घरातली तापाची गोळी देण्याचा मोह होतो. हा ताप नव्हे, त्या गोळीने तो उतरत नाही. आणि पॅरासिटामॉल पचविण्याची सोय मांजराच्या यकृतात नसल्याने एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेते.

रस्त्यावरच्या जनावरांसाठी दाराशी सिमेंटचे पसरट भांडे ठेवणारी घरे आता पुष्कळ दिसतात. ते सावलीत ठेवावे आणि दर दोन दिवसांनी घासून भरावे. नाहीतर आठवड्याभरात त्यात डेंग्यूचे डास तयार होतात, मग शेजारी तक्रार करतात आणि भांडे उचलले जाते.