सूत कापणारी कडी आणि पावडरवरचा दाब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना सिरॅमिकची लहानशी कडी चांगली परिचयाची आहे. कारखान्यात तिला 'गाईड' म्हणतात. वाइंडिंग-वार्पिंगच्या वेळी पॉलिस्टरचे सूत तिच्यातून सतत धावते. कडी निकृष्ट असेल तर तिला खाच पडते, तंतू तुटतात आणि तागा 'सेकंड'मध्ये जातो. कडी स्वस्त, पण नुकसान ताग्याचे! नवी असताना नजरेला फरक दिसत नाही. पुष्कळदा तो भट्टीच्या आधी, प्रेसमध्येच पडलेला असतो.

या कड्या बहुधा अ‍ॅल्युमिनाच्या पावडरीपासून बनतात. पावडर पोलादी डायमध्ये सैल भरली की तिच्यात घन पदार्थ जेमतेम एक तृतीयांश, बाकी हवाच. पंच दाबला की आधी दाणे सरकून रिकाम्या जागा भरतात. हे दाणे म्हणजे बारीक कणांचे, चिकट द्रव्याने बांधलेले गोळे. दाब वाढला की ते चेपतात, फुटतात आणि मधली पोकळी बुजते. इथवर काम झपाट्याने होते. पुढे मात्र दाब दुप्पट केला तरी घनता थोडीच वाढते. चौरस सेंटीमीटरला १००० किलो दाब दिला तरी घन भाग ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपासच राहतो. धातूचे कण दाबाने चपटे होतात. अ‍ॅल्युमिनाचे कण इतके कठीण की दाद देत नाहीत. उरलेली पोकळी १६०० अंशांच्या सुमारास भट्टी बुजवते आणि कडी लांबी-रुंदीत सुमारे एक षष्ठांश आकसते.

खरी मेख इथेच आहे. डायच्या भिंतीशी घर्षण होऊन वरचा दाब तळापर्यंत पुरता पोहोचत नाही. वर घट्ट, खाली भुसभुशीत! भट्टीत सैल भाग जास्त आकसतो, कडी वाकते किंवा तडकते. म्हणून चांगले कारखानदार वरून आणि खालून, दोन्हीकडून दाबतात. मोटारीच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग तर रबरी साच्यात घालून, द्रवाच्या साहाय्याने चोहोबाजूंनी दाबतात.

"आमची प्रेस जास्त टनाची" असे विक्रेते मोठ्या ऐटीत सांगतात. तेवढ्याने भुलू नये. कापसाच्या गाठीच्या पट्ट्या तोडल्या की गाठ फुगते, तशी दाब काढल्यावर पावडरही किंचित फुगते. दाब बेसुमार असेल आणि हवा आत अडकली असेल तर आडव्या चिरा पडतात.

खरेदीदाराने लॉटमधल्या दहा-वीस कड्या सराफाच्या काट्यावर कोरड्या तोलाव्यात, दोन तास पाण्यात उकळाव्यात, पाण्यातच थंड होऊ द्याव्यात आणि वरून पुसून पुन्हा तोलाव्यात. वजन वाढले तर छिद्रांत पाणी शिरले. असा माल उचलू नये.